टक्केवारी नको, जनुक उघडून बघा

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवी औषधं आणि क्लिनिकल चाचण्या यांच्या २०१९ च्या नियमांत दुरुस्ती केली. नवं औषध माणसाला देण्याआधी ते प्राण्यांवर तपासायचं, ही वर्षानुवर्षांची रीत. आता तिच्याऐवजी किंवा तिच्या जोडीला मानवी पेशींवरच्या, चिपवर वाढवलेल्या अवयवांवरच्या आणि संगणकावरच्या चाचण्याही ग्राह्य धरता येतात. साहजिकच प्रयोगशाळेतला उंदीर हवा की नको, हा जुना वाद नव्याने पेटला आहे.

पुण्यात हा वाद परका नाही. जनुकांमध्ये हवे ते बदल केलेले उंदीर संशोधकांना तयार करून देणारी राष्ट्रीय सुविधा पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना मानवी पेशींचे वाण जातात. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू शोधला, तो उंदरांच्याच मदतीने. लस आणि औषधं बनवणाऱ्या कंपन्या तर शहराच्या चहूबाजूंना आहेत. उंदीर वापरायचे की नाहीत, कुठे आणि कशासाठी, हे ठरवणारे बरेच लोक याच शहरात राहतात.

या वादात दोन वाक्यं सतत ऐकू येतात. एक बाजू म्हणते, उंदीर आणि माणूस ९९ टक्के सारखे आहेत. दुसरी म्हणते, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तिकडे बरे झालेले आजार इकडे बरे होत नाहीत. माझं म्हणणं असं की हा प्रश्न सरसकट सुटणारा नाहीच. तो एकेका जनुकापाशी जाऊन सोडवावा लागतो. ज्या जनुकावर प्रयोग करायचा, त्याची घडण माणसात कशी आहे, उंदरात कशी आहे, आणि औषध जिथे जाऊन बसणार त्या जागी दोघांत काय फरक आहे, हे प्रयोगाला परवानगी मागणाऱ्याने लेखी मांडलं पाहिजे. आणि ते लोकांना वाचता येईल अशा भाषेत खुलं असलं पाहिजे.

आधी त्या टक्केवारीचं बघू. उंदराच्या जीनोमचा, म्हणजे डीएनएवरच्या संपूर्ण मजकुराचा, पहिला मोठा आराखडा डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की उंदराच्या जवळजवळ ९९ टक्के जनुकांचा कोणी ना कोणी नातेवाईक माणसात सापडतो. त्याच शोधनिबंधात पुढे आहे की एकास एक अशी नेमकी जोडी लागते ती साधारण ८० टक्के जनुकांची. आणि तिथेच हेही आहे की मानवी जीनोमची सगळी अक्षरं उंदराच्या अक्षरांसमोर ठेवली, तर जेमतेम ४० टक्के भाग जुळवता येतो. नव्व्याण्णव, ऐंशी, चाळीस. तिन्ही आकडे खरे, तिन्ही एकाच निबंधातले, आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं. वर्तमानपत्रात मात्र प्रश्न गळून जातो आणि ज्याला जो सोयीचा तो आकडा उरतो. आजारी मुलाच्या आईवडिलांना यातल्या एकाही आकड्याचा उपयोग नाही, कारण त्यांच्या मुलाचं एक जनुक बिघडलेलं असतं. सगळ्या जीनोमची सरासरी त्या एका जनुकाबद्दल काहीही सांगत नाही.

जनुकाची घडण म्हणजे काय, हे थोडक्यात. डीएनएवरचा मजकूर सलग नसतो. प्रथिन बनवण्याच्या कामी येणारे तुकडे, म्हणजे एक्झॉन, आणि त्यांच्या मधले लांबच लांब इन्ट्रॉन, अशी त्याची रचना असते. पेशी आधी सगळ्याची नक्कल काढते, मग इन्ट्रॉन कापून टाकते आणि एक्झॉन जोडून घेते. रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे हे दाखवलं आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणूस आणि उंदीर यांचा समाईक पूर्वज साडेसात ते नऊ कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात गुणसूत्रांची मोडतोड होऊन आपल्याकडे २३ जोड्या राहिल्या आणि उंदराकडे २०. तरी बहुतेक जोडीदार जनुकांत एक्झॉनची संख्या आणि क्रम टिकून आहे. इन्ट्रॉनची अक्षरं मात्र बरीच बदलली. बारावीच्या जीवशास्त्रात विद्यार्थी एक्झॉन-इन्ट्रॉनच्या व्याख्या पाठ करतात, पण ही विभागणी कोणाच्या जगण्यामरण्याशी कशी जोडलेली असते, तिथपर्यंत कोणी त्यांना नेत नाही.

ते बघायचं तर एसएमएन या जनुकाइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. मणक्यातल्या मज्जापेशी मरत जाऊन तान्ह्या बाळाचे स्नायू गळून जाण्याचा जो आजार आहे, एसएमए, तो या जनुकाच्या बिघाडाने होतो. १६ कोटींच्या इंजेक्शनासाठी लोकवर्गणी काढल्याच्या बातम्या २०२१ मध्ये पुण्या-मुंबईत सगळ्यांनी वाचल्या, तो हाच आजार. माणसात पाचव्या गुणसूत्रावर हे जनुक दोन रूपांत असतं, एसएमएन-१ आणि एसएमएन-२. दोघांत फरक अगदी किरकोळ. त्यातला निर्णायक फरक सातव्या एक्झॉनमध्ये, एका अक्षराचा. त्या अक्षरामुळे प्रथिनातलं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली कडी, बदलतसुद्धा नाही. पण कापणी-जोडणीची यंत्रणा तिथे फसते, ५४ अक्षरांचा तो एक्झॉन बहुतेक वेळा गळून जातो, आणि प्रथिन अर्धवट राहून लवकर नष्ट होतं. एसएमएन-१ शाबूत असेल तर याने काही बिघडत नाही. ते नसेल तर बाळाची सगळी भिस्त एसएमएन-२ वर, आणि त्याच्या किती प्रती आहेत यावर आजाराची तीव्रता बरीचशी ठरते.

उंदरात हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे आणि एकच आहे. दुसरी प्रत नाही. म्हणून उंदरातलं ते जनुक पूर्ण बंद केलं की उंदराला एसएमए होतच नाही. पिल्लू गर्भातच मरतं. माणसातला आजार उंदरात आणायचा तर उंदराचं जनुक काढून मानवी एसएमएन-२ त्याच्यात बसवावं लागतं. २००० साली तसे उंदीर तयार झाले. पुढे संशोधक रवींद्र सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मानवी जनुकाच्या सातव्या इन्ट्रॉनमध्ये, एक्झॉनला लागूनच, एक छोटी जागा सापडली. ती झाकली की गळणारा एक्झॉन पुन्हा जोडला जातो. एड्रियन क्रेनर या संशोधकाच्या गटाने आणि एका औषध कंपनीने त्यावर औषध घडवलं, आणि डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एसएमएवरचं ते पहिलं औषध.

आता दोन्ही बाजूंनी या गोष्टीकडे नीट पाहावं. उंदीर नको म्हणणाऱ्यांनी पाहावं की मानवी जनुक बसवलेले ते उंदीर नसते, तर हे औषध बाळांच्या मणक्यात द्यायचं धाडस कोणी केलं नसतं. आणि उंदीर पुरेसा आहे म्हणणाऱ्यांनी पाहावं की साध्या उंदरावर हा शोध लागणं अशक्य होतं, कारण ज्यावर औषध काम करतं ते दुसरं जनुकच त्याच्याकडे नाही. दोन्ही घडणी समोरासमोर ठेवल्यावरच वाट दिसली.

पुण्याला जवळचं उदाहरण २०२० चं. करोनाचा विषाणू आपल्या पेशींत शिरतो तो एसीई-२ या प्रथिनाला धरून. माणसात आणि उंदरात दोन्हीकडे हे जनुक एक्स गुणसूत्रावर, दोन्हीकडे प्रथिन ८०५ अमिनो आम्लांचं. वरवर पाहिलं तर जुळी भावंडं. पण विषाणू जिथे चिकटतो तिथल्या ३१ आणि ३५३ या जागांवर माणसात लायसिन हे अमिनो आम्ल आहे; उंदरात पहिल्या जागी ॲस्पॅराजिन आणि दुसऱ्या जागी हिस्टिडिन. अशा मोजक्या फरकांमुळे सुरुवातीच्या विषाणूला साधा उंदीर पकडता येईना. मानवी एसीई-२ बसवलेले उंदीर हवे होते, आणि ते २००३ च्या सार्सनंतर तयार करून ठेवलेले होते, म्हणून जगाचा बराच वेळ वाचला. हॅमस्टरमध्ये या दोन्ही जागी माणसासारखंच लायसिन आहे. पुण्याच्या विषाणू विज्ञान संस्थेने कोव्हॅक्सिन तपासताना हॅमस्टर वापरले. माकडांवरही चाचण्या झाल्या. कोणता प्राणी निवडायचा याला इथे जनुकाचा आधार होता. पुढे विषाणूच बदलला आणि त्याचे काही नवे प्रकार साध्या उंदरालाही होऊ लागले, म्हणजे तुलना एकदा करून बासनात बांधून ठेवण्याची गोष्ट नाही हेही दिसलं.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी पूर्ण गांभीर्याने घेते. घडण जुळली म्हणून आजार जुळतो, असं कुठे आहे? खरंच नाही. डिस्ट्रॉफिन या स्नायूंतल्या प्रथिनाचं जनुक बघा. माणसाच्या सगळ्यात लांब जनुकांपैकी एक, सुमारे २२ लाख अक्षरांचं, ७९ एक्झॉनचं. उंदरातही ७९ एक्झॉन, तेही एक्स गुणसूत्रावरच. ते बिघडलं की मुलग्यांना डुशेन हा स्नायूंचा आजार होतो. साधारण दहा-बारा वर्षांचा होईतो मुलगा व्हीलचेअरवर येतो, आणि पुढे हृदय आणि श्वासाचे स्नायू साथ सोडतात. १९८४ मध्ये एमडीएक्स नावाचा उंदीर सापडला. त्याच्या तेविसाव्या एक्झॉनमध्ये मधेच थांबण्याची खूण आली आहे, म्हणजे डिस्ट्रॉफिन बनत नाही. आणि तरीही तो पिंजऱ्यात धावतो, चढतो, आणि जवळजवळ नेहमीचं आयुष्य जगतो. त्याचा श्वासपटल तेवढा मुलांच्या स्नायूंसारखा खराब होत जातो.

हे असं का? याची कारणं अनेक, पण एक मोठं कारण दुसऱ्या जनुकात आहे. यूट्रोफिन हे डिस्ट्रॉफिनचं भावकीतलं प्रथिन. उंदराच्या शरीरात ते बऱ्याच अंशी उणीव भरून काढतं. १९९७ मध्ये दोन्ही जनुकं बंद केलेले उंदीर तयार केले, तेव्हा ते मुलांसारखेच गंभीर आजारी झाले आणि काही महिन्यांत मेले. मग विचार पुढे गेला की माणसातलं यूट्रोफिन औषधाने वाढवलं तर? इझुट्रोमिड नावाचं औषध एमडीएक्स उंदरांत आशादायक ठरलं. मुलांवरच्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही आणि २०१८ मध्ये ते थांबवावं लागलं.

उंदरांवरच्या यशाच्या बातम्या जगभर जातात आणि प्रत्येक बातमीनंतर डुशेन असलेल्या मुलांचे आईवडील डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात: आमच्या मुलाला कधी मिळेल? या मुलांकडे वेळ नसतो. एक वर्ष म्हणजे एक जिना चढणं, हात डोक्यापर्यंत नेणं, स्वतःच्या हाताने जेवणं. अशा घरात अर्धवट बातमी पोचवणं हा अन्याय आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. त्या बातमीत दोन वाक्यं जास्त असती, की या उंदराचा आजार मुळातच सौम्य असतो आणि दुसरं प्रथिन त्याला सावरतं, तर पालकांनी आशा ठेवली असती, पण किती ठेवायची ते त्यांना कळलं असतं.

तेव्हा आक्षेपाला माझं उत्तर असं की तुलना फक्त एका जनुकाच्या एक्झॉनची करून भागत नाही. त्याच्या भावकीतली जनुकं कोणती, ती कोणत्या ऊतीत आणि कोणत्या वयात काम करतात, औषधाचं लक्ष्य एक्झॉनमध्ये आहे की इन्ट्रॉनमध्ये, हेही मांडावं लागेल. लक्ष्य इन्ट्रॉनमध्ये असेल तर साध्या उंदराबद्दल पहिल्यापासूनच शंका घ्यावी. डुशेनवरचं २०१६ चं एक्झॉन वगळणारं औषध मानवी एक्कावन्नाव्या एक्झॉनच्या अक्षरांवर बेतलेलं आहे. ते तसंच्या तसं उंदराच्या तेविसाव्या एक्झॉनवर कसं चालेल? म्हणून नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मानवी डिस्ट्रॉफिनचं अख्खं जनुक उंदरात बसवलं. आणि जिथे जुळतं तिथे ते खरोखर जुळतं, हेही सांगितलं पाहिजे. डोळा घडवणाऱ्या पॅक्स-६ या जनुकाच्या प्रथिनात ४२२ अमिनो आम्लं आहेत, आणि माणूस आणि उंदीर यांच्यात त्यातलं एकही वेगळं नाही. त्याची एक प्रत बिघडली की उंदराचे डोळे बारीक होतात आणि माणसाच्या डोळ्यात बुबुळाचा रंगीत पडदा नीट घडत नाही. तिथे साध्या उंदरावर भरवसा ठेवायला ठोस कारण आहे.

आणखी एक गोष्ट पुण्यातल्या संशोधकांनी आवर्जून लक्षात घ्यावी असं मला वाटतं. तुलनेत ‘माणूस’ म्हणून आपण कोणाला धरतो? जगभर वापरल्या जाणाऱ्या संदर्भ जीनोमचा मोठा हिस्सा अमेरिकेतल्या एकाच दात्याचा होता. उंदराच्या बाजूलाही एकच काळा वाण आहे, ज्यातले सगळे उंदीर पिढ्यान्‌पिढ्यांच्या जवळच्या संकरामुळे जनुकांनी एकसारखे झालेले आहेत. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात हृदयाच्या स्नायूतल्या एमवायबीपीसी-३ या जनुकाच्या बत्तिसाव्या इन्ट्रॉनमधून २५ अक्षरं गळालेली माणसं आढळली. असे सुमारे चार टक्के लोक भारतात आहेत. त्या गळतीने शेजारचा एक्झॉन वगळला जाऊ शकतो आणि हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. ज्यांच्यात ही गळती आहे त्या सगळ्यांना आजार होतो असं नाही, पण चार टक्के म्हणजे कोट्यवधी माणसं. उंदराच्या त्याच जनुकातला इन्ट्रॉन आपल्याहून वेगळा, आणि संदर्भ जीनोममध्ये ही गळती नाही. जानेवारी २०२५ मध्ये जीनोम इंडिया प्रकल्पातल्या १०,००० भारतीयांच्या जीनोमची माहिती संशोधकांसाठी उपलब्ध झाली. इथून पुढे पुण्यात उंदराशी तुलना करताना ती समोर नसेल, तर ती तुलना आपल्या लोकांची म्हणता येणार नाही.

मग करायचं काय? नवं खातं, नवा कायदा लागत नाही. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असते, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली. प्राणी का हवेत आणि हीच जात का, हे अर्जात आजही लिहावं लागतं. त्याला जोडून जनुकाच्या तुलनेचं एक पान सक्तीचं करावं. समितीवर विज्ञानाबाहेरचा, सामाजिक भान असलेला एक सदस्य नेमलेला असतो. ते पान त्या सदस्याला समजेल असं लिहिलेलं असावं, म्हणजे त्याची सही नुसती सोपस्कार म्हणून राहणार नाही. प्रयोग मंजूर झाला की तेच पान मराठीत संस्थेच्या संकेतस्थळावर यावं, आणि निष्कर्षाची बातमी देताना पत्रकारांच्या हाती पडावं. व्यापारी गुपितं त्यात येण्याचं कारण नाही. जनुकांची अक्षरं आधीपासून जगासमोर आहेत.

खर्चाची सबबही टिकत नाही. एन्सेम्बलसारखी जनुकांच्या माहितीची ऑनलाइन कोठारं फुकट आहेत. जनुकाचं नाव टाकलं की माणूस आणि उंदीर दोघांचे एक्झॉन, गुणसूत्रावरची जागा, भावकीतली जनुकं, सगळं पडद्यावर येतं. विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचं केंद्र १९८० च्या दशकापासून आहे. शहरातल्या महाविद्यालयांतून दरवर्षी जैवतंत्रज्ञानाचे इतके विद्यार्थी बाहेर पडतात. त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत बरेचदा तेच तेच प्रयोग फिरून फिरून केले जातात. त्यांना एकेक आजाराचं जनुक द्यावं आणि त्याची तुलना मराठीत लिहायला सांगावी. तज्ज्ञाने तपासून ती नीतिमत्ता समित्यांना आणि रुग्णांच्या संघटनांना द्यावी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी पुण्यातल्या संस्था दारं उघडतात, माणसं मुलाबाळांना घेऊन रांगा लावतात. तिथे आकाशगंगांच्या शेजारी ही पानंही मांडता येतील.

ज्यांना एकही उंदीर मरायला नको वाटतो, त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पिंजऱ्यातल्या जिवाला वेदना होतात. पण मानवी पेशींच्या चिपला मणका नसतो, बालपण नसतं, एका ऊतीतली उणीव दुसरीने भरून काढण्याची सोय नसते. यूट्रोफिनची गोष्ट तिथे कळलीच नसती. आज सगळे उंदीर बंद केले, तर पहिली जोखीम आजारी मुलांच्या अंगावर येईल. उलट ज्या जनुकात उंदीर आपल्यासारखा नाहीच, तिथे त्याला मारून मिळणारं उत्तर चुकीचं असणार हे आधीच कळू शकतं, आणि तो प्रयोग होऊ नये. तुलनेच्या पानाने असे प्रयोग अर्जाच्या टप्प्यावरच थांबतील. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या पुण्यातल्या मंडळींनी ही मागणी हाती घ्यावी, कारण ‘सगळं बंद करा’ या मागणीपेक्षा ती मान्य होण्याची शक्यता जास्त आहे.

पहिलं पान एसएमएनचं करावं. त्याची माहिती सगळी खुली आहे, औषधं बाजारात आलेली आहेत, आणि ते वाचायला आजच हवं असलेली कुटुंबं या शहरात आहेत.